दुपारी चालत नाही

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या त्या गाळ्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या हातात चार बेअरिंग होत्या आणि डोक्यात एकच प्रश्न होता की ह्या जास्त वेळ फिरत का नाहीत. गाळा म्हणजे दोन लेथ, एक ड्रिल, भिंतीवर अंबाबाईचं कॅलेंडर आणि त्या कॅलेंडरवरसुद्धा कटिंग ऑइलचा बारीक थर. मिस्त्री स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी एक बेअरिंग घेतली, करंगळीत अडकवली, टिचकी मारली, कानाशी नेली आणि म्हणाले, "ग्रीस हाय आत. कंपनी भरती ते. तुमची गाडी किती किलोची?"

म्हटलं दोन, फार तर अडीच.

"अडीच किलोच्या गाडीला ग्रीस कशाला लागतंय?"

मग त्यांनी टाचणीनं बेअरिंगवरची पत्र्याची टिकली उचकटली, चारही बेअरिंग रॉकेलच्या वाटीत टाकल्या, हलवल्या, काढल्या, हवा मारली आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. चाक बसवून टिचकी मारली तर आधी चार-पाच सेकंदांत थांबणारं चाक फिरतंय, फिरतंय, फिरतंयच. आम्ही दोघं मोजत होतो. बावीस.

"अन् मोटर कुठाय हिची?"

"मोटर नाहीच मामा. वाऱ्यावर चालणार आहे."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे वाऱ्यावर सोडलीय म्हणा की."

हे २०१५ च्या दिवाळीनंतरचं. मी तेव्हा थर्ड इयरला, ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला), आणि आमच्या कॉलेजच्या रोबोकॉनच्या टीममध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या टीव्ही-रेडिओवाल्यांच्या संघटनेनं भरवलेली इंजिनिअरिंगच्या पोरांची स्पर्धा, पहिली २००२ साली टोकियोत झाली. प्रत्येक देशात आधी राष्ट्रीय फेरी होते, आपल्याकडे ती दूरदर्शनची, आणि आमच्या काळात ती पुण्यात बालेवाडीला व्हायची. गंमत अशी की दरवर्षी यजमान देश बदलतो आणि तो आपल्या मातीतला काहीतरी खेळ नाहीतर गोष्ट काढतो आणि सगळ्या आशियातली पोरं वर्षभर त्याच्यावर डोकं फोडतात. २००८ ला फायनल पुण्यात होती तर विषय काय, गोविंदा! म्हणजे जपानची, चीनची, व्हिएतनामची पोरं सहा-आठ महिने आपापल्या लॅबमध्ये बसून मटकीतलं लोणी काढायचं मशीन बनवत होती. मला हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले होते, आणि नंतर जरा अभिमानपण वाटला. २०१४ ला परत पुणे, तेव्हा आई-बाप रोबोट आणि मूल रोबोट, मुलाला सीसॉवर बसवायचं, झोका द्यायचा, जंगल जिमवर चढवायचं. सगळं पूर्ण झालं की त्याला म्हणायचं शाब्बास. नियमांच्या पुस्तकातच लिहिलेलं, शाब्बास.

आमच्या वाट्याला २०१६ आलं, यजमान थायलंड, विषय स्वच्छ ऊर्जा. दोन रोबोट. एक हायब्रिड, त्याला काय पाहिजे ते लावा. दुसरा इको, त्याला चालायला मोटर लावायचीच नाही. एकच अॅक्च्युएटर, म्हणजे हालचाल देणारा मोटरसारखा भाग, तोही फक्त वळण्यासाठी. पुढे जायचं बळ त्यानं हायब्रिडकडून घ्यायचं आणि तेही न शिवता, म्हणजे वारा मारा, चुंबक वापरा, काहीही करा पण हात लावायचा नाही. असं करत इकोनं चढउतार पार करायचे, नदी ओलांडायची, उतारावरून खाली यायचं आणि त्याच्याकडचं पवनचक्कीचं पातं हायब्रिडनं घेऊन खांबावर चढून वर बसवायचं. वेळ तीन मिनिटं. पातं बसलं की चायो, म्हणजे थाई लोकांचा जयजयकार.

पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा अख्ख्या टीमला वाटलं सोप्पंय. पंखा मारायचा, गाडी जाणार. आमच्या कॅप्टननं तर हॉस्टेलचा टेबलफॅन आणि खेळण्यातली कार घेऊन त्याच रात्री व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "नाद खुळा, झालं आपलं". सपाट फरशीवर झालं होतंच. चढ आला की मग कळलं. चढावर वजनातला एक हिस्सा मागे ओढतो, बेअरिंग अडतात, पंख्याचा वारा तर दोन फुटांवरच पसरून निम्मा इकडेतिकडे जातो, आणि पंखा मोठा करावा तर बॅटरी दीड मिनिटात गरम. वळणावर अजून मजा, इको वळतो पण त्याचं शीड वळल्यावर वारा बाजूनं लागतो आणि ते लाईनवरून ढकललं जातं, मग हायब्रिड चालवणाऱ्यानं पळत जाऊन बरोबर त्याच्या पाठीमागे यायचं. शीड म्हणून आम्ही आधी छत्री लावली, मग थर्माकोल, मग सनबोर्ड, शेवटी फाइलच्या कव्हरचा तो लाटालाटांचा प्लास्टिकचा पत्रा असतो ना, तो वाकवून लावला. वजन कमी करण्यासाठी चॅसिसला इतकी भोकं पाडली की इचलकरंजीचा आमचा एक पोरगा म्हणायचा आता भोकंच राहिली, चॅसिस कुठाय.

ही अशी स्पर्धांची कल्पना आली कुठून हे मी त्या काळात शोधत बसायचे (सबमिशन सोडून). दोन माणसं सापडली. एक अमेरिकेतल्या एमआयटीचे, कोथरूडच्या नव्हे, वुडी फ्लॉवर्स. १९७० च्या दशकात ते डिझाइनचा एक कोर्स घ्यायचे, त्यात प्रत्येक पोराला सारख्याच फुटकळ सामानाची पिशवी मिळायची आणि त्यातून मशीन बनवून सेमिस्टरच्या शेवटी सगळ्यांसमोर एकमेकांशी भिडवायचं. दुसरे टोकियोचे मासाहिरो मोरी. त्यांनी १९८१ ला विद्यार्थ्यांना सांगितलं की दोन ड्रायसेल घ्या आणि त्यावर माणूस बसून जाईल अशी गाडी करा. दोन सेल, आपण टॉर्चमध्ये घालतो ते! पुढे जपानच्या टीव्हीवर रोबोकॉन सुरू झालं ते ह्यांच्यामुळेच. मला मोरींचं हे फार आवडलं, कारण दोन सेलवर माणूस न्यायचा म्हटलं की ताकद वाढवायचा रस्ताच बंद, मग फक्त वाया जाणारं थांबवत बसायचं. म्हणजेच बेअरिंगमधलं ग्रीस. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मोरींचं नाव ऐकलेलं नव्हतं पण दोघांचं जमलं असतं.

आणि तसं कोल्हापूरला हे नवीन नाहीच. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी दामलेंना हाताशी घेऊन १९१८ च्या आसपास सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावात आम्ही पोरं प्रोटोटाइप प्रोटोटाइप करत हिंडत होतो. मिस्त्रींना तो शब्दच माहीत नव्हता. ते म्हणायचे "नमुना". आधी नमुना काढू, मग माल काढू. आमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की ते नमुना काढून तो मोडायला बघायचे आणि आम्ही नमुना काढून त्याचा व्हिडिओ काढायचो.

आता हॉस्टेलचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या कॉलेजला मुलींच्या हॉस्टेलचं गेट रात्री आठला बंद व्हायचं. मुलांचं व्हायचं नाही. म्हणजे कागदावर होत असेल, पण पोरं पहाटे चारला लॅबमधून येऊन झोपायची आणि कुणी विचारायचं नाही. रोबोटिक्सचं काम सगळं रात्री चालतं, दिवसा लेक्चर, प्रॅक्टिकल, अटेंडन्स. टीममध्ये आम्ही तीन मुली होतो. परवानगीसाठी मी दोनदा अर्ज दिला, एकदा उत्तर आलं नाही आणि एकदा आलं की पालकांचं पत्र आणा. पालकांचं पत्र आणलं तर म्हणाले फॅकल्टीचं आणा. सोडून दिलं. मग आम्ही आमचं आमचं ठरवलं, की पोरं रात्री टेस्टिंग करतील आणि आम्ही दुपारी दोन ते पाच, प्रॅक्टिकल बुडवून किंवा उरकून. आणि रात्री काय झालं ते आम्हाला कळावं, दुपारी काय झालं ते पोरांना कळावं म्हणून एक रजिस्टर ठेवलं. निळ्या पुठ्ठ्याचं, दोनशे पानी, स्टेशनरीच्या दुकानातलं. ते रजिस्टर ही माझी आयडिया. तारीख, वेळ, कोणता टप्पा, काय झालं, बॅटरी किती.

पोरांची अक्षरं वाचून मी खूप हसायचे. "१:४० रात्री. फुल्ल रन. लई भारी." "२:१५. फुल्ल रन. वडापाव." वडापाव म्हणजे काय ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि त्याच्याखाली माझी नोंद, "दु. ३:१०. पहिला चढ. लाईन सोडली, डावीकडे गेला. तीनदा." दुसऱ्या दिवशी परत, रात्री फुल्ल रन, दुपारी लाईन सोडली.

लाईन म्हणजे काय, तर रंगीत मैदानावर एक पांढरी पट्टी असते, आणि इकोच्या पोटाखाली सेन्सरची रांग. सेन्सर आमचे घरचेच, रेडीमेड चांगले मिळायचे पण ते परवडणारे नव्हते, म्हणून आयआर (इन्फ्रारेड) एलईडी, शेजारी उजेड ओळखणारा फोटोडायोड, एलएम३२४ ही चिप आणि त्याला एक प्रीसेट, म्हणजे फिरवून कमीजास्त करायचा छोटा रेझिस्टर. एलईडी खाली अदृश्य उजेड पाडतो, पांढऱ्यावरून जास्त परत येतो, रंगावरून कमी, आणि किती आला म्हणजे पांढरं समजायचं ते प्रीसेट फिरवून ठरवायचं. मी ईएनटीसीची, सेन्सर मीच सोल्डर केलेले. फोटोडायोडला हे कळत नाही की आलेला उजेड आपल्या एलईडीचा आहे का सूर्याचा. ट्यूबलाईटमध्ये आयआर जवळपास नसतोच त्यामुळे रात्री सगळं कसं शांत. दुपारी मात्र आमच्या त्या जुन्या ड्रॉइंग हॉलच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत यायचं, सरकत सरकत पहिल्या चढावर पडायचं, आणि इकोला सगळीकडे पांढरंच पांढरं दिसायचं.

जानेवारीच्या शेवटी मी रजिस्टरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं, "दुपारी चालत नाही." खाली दोन रेघा मारल्या.

त्याच्यावर मीटिंग झाली. झाली म्हणजे कँटीनला पाच मिनिटं. कॅप्टन म्हणाला अगं खिडकीतून ऊन येतंय, तेवढंच. कोडिंगवाला म्हणाला कोडमध्ये काही नाहीये. सगळ्यांचं एकमत झालं की प्रॉब्लेम खिडकीचा आहे. मग राजारामपुरीतून काळे चार्टपेपर आणले आणि सगळ्या खिडक्या झाकल्या. दुपारी पण रात्र झाली. आणि इको दुपारी पण चालायला लागला, आणि रजिस्टरमध्ये दुपारच्या पण फुल्ल रन पडायला लागल्या. मी स्वतः लिहिल्यात त्या. आणि ते कागदपण मीच चिकटवले, स्टुलावर चढून, सेलोटेप दातांनी तोडत. हे मी मुद्दाम सांगते कारण नंतर अनेक वर्षं मी ही गोष्ट सांगताना म्हणायचे की मी बोंबलून सांगत होते आणि पोरांनी ऐकलं नाही. असं नाहीये. मला सेन्सर माहीत होता, ऊन माहीत होतं, बालेवाडीला टीव्हीच्या शूटिंगचे दिवे असणार हे पण सीनियर सांगून गेले होते. पण जेमतेम महिना राहिला होता, सगळे दमलेले, सेन्सर खोलायचा म्हणजे सर्व्होपासून (वळवणारी मोटर) सगळं खाली काढा, आणि रन तर पडत होत्या. रन पडत असताना "थांबा" म्हणणारं माणूस कुणाला आवडतं. मलाच मी आवडले नसते.

फेब्रुवारीत इकोची चाकं ट्रू करायला, म्हणजे त्यांची डगमग काढायला, गेले तेव्हा मिस्त्रींना मी हे सहज सांगितलं, की असं असं, खिडक्या झाकल्या. ते लेथवर होते, मान वर न करता म्हणाले, "मग पुण्याला खिडक्या घिऊन जाणार व्हय?"

मला त्याचा राग आला होता. खरंच आला होता. चाकं घेतली आणि निघाले.

मार्चमध्ये टेम्पो केला. रोबोट चादरींत गुंडाळून, शीड वेगळं, बॅटऱ्या माझ्या मांडीवर कारण लायपो बॅटरीला दणका बसला तर पेटते असं सरांनी दहा वेळा सांगितलं होतं. किणी टोल, पेठ नाका, कराड, साताऱ्याला चहा, खंबाटकीचा बोगदा, सगळे झोपलेले आणि मी बॅटरीवर हात ठेवून जागी. बालेवाडीला पोचलो तर देशभरातल्या टीम, एकेकांचे ट्रॅकसूट, कार्बन फायबरचे रोबोट, कुणाकडे खास टूलबॉक्स चाकांचे, आमच्याकडे टूल्स ठेवायला बिस्किटांचा डबा. एका मुंबईच्या टीमची पोरगी छान बोलायला लागली, तिला म्हटलं थांब मी आलो, तर ती म्हणाली आलो? आम्ही कोल्हापूरच्या पोरी येतो-जातोच म्हणतो, ते सांगताना त्या गडबडीतसुद्धा दोघी हसलो. तिच्या टीमचा इको चुंबकावर होता. फार देखणं काम, हायब्रिडचा लांब हात, त्याच्या टोकाला चुंबक, आणि इको त्याच्यामागून कुत्र्याच्या पिल्लासारखा. असं आम्हाला सुचलंसुद्धा नव्हतं. म्हणजे सुचलं होतं, पण त्या टेबलफॅनच्या व्हिडिओनंतर दुसरं काही बघायचं राहूनच गेलं. पहिली जी गोष्ट चालली तिच्याच मागे आम्ही सहा महिने गेलो.

पहिली मॅच. मांडणीला एक मिनिट मिळतं. लावला, सरळ केला, शिट्टी. पंखा सुरू, इको हलला, टाळ्या, दीड फूट गेला, आणि डावीकडे वळून गपकन बाहेर. रीट्राय. परत डावीकडे. रीट्राय. मी पिटमधून, म्हणजे टीमच्या थांबायच्या जागेतून, बघत होते, वर बघितलं, छतापासून दिवेच दिवे, आणि कॅमेऱ्यांसाठी लावलेले वेगळे. इकोच्या पोटाखालची सावली चारी बाजूंनी उजेडानं खाल्लेली. सहा वेळा रीट्राय घेतला आणि सहाही वेळा डावीकडे. तीन मिनिटं संपली. आमचा स्कोअर शून्य. कॅप्टन मैदानावरून उतरताना माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे, आणि दोघांनाही काय आठवतंय ते दोघांनाही कळत होतं.

गटात आमच्या दोनच मॅच. दुसऱ्या मॅचला दीड तास होता.

प्रीसेट फिरवून बघितला, एका कोपऱ्यात जमायचं, दुसऱ्या कोपऱ्यात बिघडायचं. उजेड अडवायलाच पाहिजे होता. काळा फोम कुणाकडे नाही, चार्टपेपर कोल्हापूरला खिडकीवर. मग माझ्या गळ्यात स्टोल होता, काळा, जाड कॉटनचा, गाडीवर तोंडाला बांधायचा. कात्रीनं त्याच्या चार इंचाच्या पट्ट्या कापल्या आणि सेन्सरच्या रांगेभोवती सगळीकडून झालर लावली, फेविक्विक आणि केबल टाय. परकर घातल्यासारखा दिसत होता इको. इचलकरंजीचा म्हणाला आता नाव ठेवा हिचं. प्रॅक्टिसच्या जागेत पट्टीवर ठेवला, दिव्याखाली, आणि सेन्सरचे सगळे इंडिकेटर जसे लागायला पाहिजेत तसे लागले. सहा महिन्यांतलं माझं सगळ्यात चांगलं काम ते, आणि ते वीस मिनिटांत झालं.

दुसरी मॅच. शिट्टी. इको निघाला, आणि पट्टीवरच. पहिला चढ, उतार, दुसरा चढ, हायब्रिड त्याच्यामागे पळतंय, वारा बरोबर पाठीत, आणि आमच्या बाकड्यावर असा आरडाओरडा की शेजारची टीम उठून उभी राहिली. तिसऱ्या चढाच्या माथ्यावर गेला आणि थांबला. पंखा फुल्ल, शीड थरथरतंय, आणि इको जागचा हलत नाही. माथ्यावर दोन उतार जिथे भेटतात तिथे पोट जमिनीच्या जवळ येतं, आणि स्टोलची झालर तिथं टेकली होती. बस्. बेअरिंगमधलं ग्रीस रॉकेलनं धुऊन काढून आम्ही जे काही वाचवलं होतं ते सगळं माझ्या ओढणीच्या काठानं परत घेतलं. रीट्राय घेतला, परत तिथेच. एक सेंटिमीटर कापडाचा प्रश्न होता. झालर कापायला ब्लेड पिटमध्ये होतं आणि मॅच चालू असताना तिकडे जाता येत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही प्रेक्षकांत बसून उरलेल्या मॅच बघितल्या. मुंबईच्या त्या चुंबकवाल्या टीमचा पण एक चांगला रन झाला, आम्ही ओरडलो त्यांच्यासाठी. कॅप्टन गप्प होता. मग म्हणाला, "तू तेव्हा भांडायला पाहिजे होतंस." मी म्हटलं, "तू वाचायला पाहिजे होतंस." आणि मग दोघांनी मिळून एक भेळ खाल्ली.

नंतर मी ह्या स्पर्धांबद्दल बरंच उलटसुलट ऐकलं. कुणी म्हणतं ह्यानं पोरं वाया जातात, केट्या लागतात, म्हणजे विषय राहतात (मला एक लागली, कंट्रोल सिस्टिम्सला, आणि ह्याच्यावर कुणी काही बोलू नये). कुणी म्हणतं ह्याच्यावर नोकऱ्या लागतात. मला जो खरा फरक दिसतो तो फायनल इयर प्रोजेक्टशी ताडून बघितला की दिसतो. प्रोजेक्ट विकत मिळतो, रिपोर्टसकट, बाइंडिंगसकट, आणि व्हायवाला तो एकदा चालून दाखवला की मार्क. तिथं जागा तुमची, वेळ तुमची, खिडक्या तुमच्या. बंद पडला तर "सर मघाशी चालत होता" म्हणायचं आणि सर मान डोलावतात. स्पर्धेत हे वाक्य कुणी ऐकूनच घेत नाही. मैदान त्यांचं, दिवे त्यांचे, मिनिटं तीन. आणि अलीकडे ज्या छत्तीस तासांच्या हॅकेथॉन होतात त्यांत मी दोन-तीनदा जज म्हणून बसलेय, पोरं हुशार असतात, बोलतात तर आमच्यापेक्षा लाखपट चांगलं, पण बऱ्याचदा स्लाइडवरच सगळं फिरत असतं. स्लाइडला बेअरिंग नसते त्यामुळे ते बावीस सेकंद नाही, कायमच फिरतं. आता हे मी म्हातारी झाल्यासारखं बोलतेय, माहितीये.

परीक्षेनंतर, मे महिन्यात, रोबोट खोलायचे होते, कारण मोटरी आणि सर्व्हो पुढच्या बॅचला द्यायचे असतात, प्रत्येक रोबोट मागच्या वर्षीच्या रोबोटच्या हाडांचा बनलेला असतो. खोलायच्या आदल्या दिवशी मी एकटीच ड्रॉइंग हॉलवर गेले. तीन वाजले होते. खिडक्यांवरचे कागद काढले, उन्हानं त्यांचा काळा रंग तपकिरी झाला होता. झालर ब्लेडनं एक सेंटिमीटर कापली. पंखा चालवायला कुणी नव्हतं म्हणून हायब्रिडचा पंखा काढून हातात धरला आणि इकोच्या मागून वाकून चालत गेले. पहिला चढ, उन्हातला. मग दुसरा, तिसरा, माथा, नदी, खालचा उतार. परत मागे नेऊन परत. तीनदा केलं. कंबर मोडली. रजिस्टर काढलं, "दु. ३:२५. ऊन. फुल्ल रन. ३/३." आणि मग त्याच्याखाली वडापाव लिहिलं.

आता मी चाकणला एका गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत टेस्टिंगला आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेन्सर येतात, बरोबर त्यांचा रिपोर्ट येतो, सगळीकडे ओके ओके लिहिलेलं. मी फोन करून विचारते, किती वाजता टेस्ट केलं. पलीकडचा माणूस गडबडतो. २०२२ ला रोबोकॉनची फायनल दिल्लीत होती आणि विषय होता लगोरी, ती मी ऑफिसमध्ये मोबाईलवर बघत होते, एक रोबोट लगोरी फोडतोय, दुसरा रचतोय, आणि शेजारचा बंगाली सहकारी विचारतोय हे काय आहे, तर त्याला लगोरी समजावून सांगताना माझं लक्ष सगळं वर छताकडे, दिवे कसे लावलेत ते बघण्यात.

मागच्या दिवाळीला कोल्हापूरला गेले तेव्हा उद्यमनगरात जाऊन आले. मिस्त्रींचे केस गेलेत, एक लेथ विकलाय, दुसऱ्यावर आता मुलगा असतो. मला ओळखलं नाही आधी. मग म्हणाले, "ती वाऱ्यावर सोडलेली गाडी!" आणि उठून खिळ्यावरून एक चाक काढलं. इकोचं चाक. एक जास्तीचं बनवलं होतं, ते त्यांच्याकडेच राहिलेलं, मला आठवतपण नव्हतं. म्हणाले येणाऱ्या पोरांना फिरवून दाखवतो. मी ते आसातून बोटांत धरलं, त्यांनी टिचकी मारली आणि दोघांनी मोजायला सुरुवात केली. थोडं खरखरत होतं, धूळ गेली असणार. अकराला थांबलं.

"रॉकेल आता मिळत न्हाई," मिस्त्री म्हणाले. "पेट्रोलमधनं काढतो. थांब."

मी सवयीनं घड्याळ बघितलं. दुपारचे सव्वादोन.